हद्दीबाहेरचा माळढोक

संकटग्रस्त प्रजातींसाठी आपल्याकडे कडक कायदा आहे, अभयारण्ये आहेत, न्यायालयाचे आदेशही आहेत. नाही तो प्रकल्पाची रेघ नकाशावर उमटण्याआधी पक्ष्याचा विचार करणारा माणूस.

राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकाच्या अधिवासासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२५ रोजी निकाल दिला. न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी स्वीकारत राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकासाठी प्राधान्याचे ठरवले. त्या क्षेत्रात नव्या पवनचक्क्यांना आणि मोठ्या सौर प्रकल्पांना मज्जाव, नव्या वीजवाहिन्या फक्त नेमून दिलेल्या मार्गिकेतून आणि काही जुन्या वाहिन्या जमिनीखाली, असे या निकालाचे ढोबळ स्वरूप आहे. पक्षीप्रेमींनी त्याचे स्वागत केले. ऊर्जा कंपन्यांनीही सुटकेचा नि:श्वास टाकला असावा, कारण २०२१ च्या आदेशाने बांधले गेलेले क्षेत्र याच्या कितीतरी पट होते.

निकालाच्या गुणदोषांची चर्चा पुढेही होत राहील. पण कोणती तार कुठून न्यायची, कोणत्या दाबाची वाहिनी पुरायची आणि पवनचक्कीला कुठे जागा द्यायची, हे प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेलेच कसे, याचा विचार फारसा कोणी केलेला नाही. वस्तुतः हे काम एखाद्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याचे आहे. हाती भूमापनाचा नकाशा, पक्ष्यांच्या नोंदी आणि प्रकल्पाचा आराखडा घेऊन त्याने ते आठ-दहा वर्षांपूर्वीच उरकायला हवे होते. अमेरिकेत असा अधिकारी असतो. त्याला नैसर्गिक साधनसंपत्ती नियोजक म्हणतात आणि संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या कायद्याचे अनुपालन हा त्याच्या नोकरीचा भाग असतो. तो रस्ते खात्यात असतो, धरणे बांधणाऱ्या यंत्रणेत असतो, लष्करी तळावरही असतो. आपल्याकडे या कामाचे तुकडे चार खात्यांत विखुरलेले आहेत आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

अमेरिकेतील संकटग्रस्त प्रजाती कायदा १९७३ चा, म्हणजे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यापेक्षा एक वर्षाने लहान. त्याचे सातवे कलम साधे आहे. कोणत्याही संघीय खात्याने स्वतः काम करण्याआधी, त्याला पैसा पुरवण्याआधी किंवा परवाना देण्याआधी, त्या कामामुळे यादीतील एखाद्या जातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री करून घ्यायची. आणि ती स्वतःच्या मनाने नव्हे, तर मत्स्य व वन्यजीव सेवेशी किंवा सागरी जातींच्या बाबतीत सागरी मत्स्य सेवेशी सल्लामसलत करून. या कलमात अभयारण्याच्या हद्दीचा उल्लेख नाही. प्राणी जिथे असेल तिथे कायदा पोहोचतो. औपचारिक सल्लामसलतीला ९० दिवस आणि त्यानंतरच्या अभिप्रायाला ४५ दिवस, अशी मुदतही ठरलेली आहे. प्रकल्पामुळे अनवधानाने किती प्राणी दगावू शकतात याचा आकडा त्या अभिप्रायात असतो आणि तो ओलांडला की सल्लामसलत पुन्हा सुरू करावी लागते. नियोजकाचे निम्मे आयुष्य हे आकडे मोजण्यात, त्यांचे अहवाल लिहिण्यात आणि ‘हे काम घरट्यांच्या हंगामानंतर करता येईल का?’ असे अभियंत्यांना विचारण्यात जाते. काम रटाळ आहे, त्यात वाघाच्या डरकाळ्या नाहीत.

या कायद्याची दहशत मात्र मोठी. १९७८ साली टेनेसी राज्यातील टेलिको धरण बहुतांशी बांधून झाले असताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते रोखले. कारण होते जेमतेम तीन इंचांचा ‘स्नेल डार्टर’ हा मासा. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने धरणाला खास सूट दिली आणि जलाशय भरला. मासाही वाचला. तो इतर नद्यांत नेऊन सोडला गेला, इतरत्र सापडलाही आणि २०२२ मध्ये यादीतून वगळला गेला. पण ‘माशापायी धरण अडले’ ही कथा लोकांच्या मनात पक्की बसली आणि हा कायदा विकासाचा शत्रू आहे, हा समज तिथपासून कायम राहिला.

आकडे वेगळेच सांगतात. जानेवारी २००८ ते एप्रिल २०१५ या काळात मत्स्य व वन्यजीव सेवेकडे नोंदल्या गेलेल्या ८८,२९० सल्लामसलतींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रजातीच्या अस्तित्वाला धोका असल्याचा निष्कर्ष त्यांपैकी फक्त दोन प्रकरणांत निघाला आणि त्या कारणाने एकही प्रकल्प थांबला नाही. औपचारिक सल्लामसलतही साधारणतः दोन महिन्यांत संपत होती. याचा एक अर्थ असा की ही सेवा दबून वागते, आणि काही पर्यावरणवादी तो लावतातही. परंतु दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. नकार येणार हे ठाऊक असल्याने खात्यातला नियोजक आराखडा आधीच बदलून घेतो. नकाराची वेळच येत नाही, कारण नकाराची शक्यता खरी असते.

नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ याचे चांगले उदाहरण आहे. तेथील लाँगलीफ पाइनच्या जुन्या झाडांत रेड-कॉकेडेड वुडपेकर जातीचा सुतारपक्षी राहतो. जिवंत पाइनमध्ये ढोली कोरायला त्याला वर्षानुवर्षे लागतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी या पक्ष्यापायी सैनिकी सरावावर निर्बंध आले. ढोलीच्या झाडांवर पांढरे पट्टे ओढले गेले आणि त्यांच्या आसपास रणगाडे नेण्यास, तळ ठोकण्यास मनाई झाली. सेनाधिकारी चिडले यात नवल नाही. पण तळावरच्या नियोजकांनी आणि जीवशास्त्रज्ञांनी वाट काढली. झाडांत तयार ढोल्या बसवल्या, जंगलात ठरावीक काळाने नियंत्रित वणवे लावून झुडपे आटोक्यात ठेवली आणि तळाबाहेरच्या खासगी जमिनी संवर्धन संस्थांच्या मदतीने राखल्या. २००६ मध्ये या पक्ष्याच्या संख्येचे तेथील उद्दिष्ट ठरल्या वेळेआधी गाठले गेले आणि सरावावरचे निर्बंधही सैल झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही जात ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून ‘धोक्यात’ या सौम्य श्रेणीत आली. तीस वर्षांच्या या कामात नाट्य नव्हते, होती ती पगारी माणसांची चिकाटी.

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘ऊर्जा आणीबाणी’ जाहीर करून या सल्लामसलतीला बगल देण्याची वाट उघडली आणि त्या वर्षभरात कायद्याचे नियम सैल करण्याचे प्रस्तावही आले. तेथील नियोजकांची पाटी कोरी होण्याची भीती आहे. पण मोडायला तिथे निदान काहीतरी उभे आहे.

आपल्याकडे काय आहे? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीच्या बाबतीत कडक आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारला तर तुरुंगवास ठरलेला. अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यानातून रस्ता, कालवा, वाहिनी न्यायची असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मोहोर लागते. व्याघ्र प्रकल्प आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गांबाबतही तरतूद आहे. मात्र हे सारे संरक्षण मुख्यतः जमिनीच्या तुकड्याला बांधलेले आहे. तुकड्याबाहेर पाऊल पडले की बंदुकीने मारणारा गुन्हेगार ठरतो आणि तारेने मारणारा ठरतो तो विकासाचा शिल्पकार. सौर व पवन ऊर्जा प्रकल्पांना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही आणि वीजवाहिन्यांचा तिच्या यादीत समावेशच नाही. हरित ऊर्जेला लाल फितीतून सोडवण्याचा हेतू चांगलाच होता. तथापि जैसलमेरच्या वाळवंटात त्याचा परिणाम असा झाला की माळढोकाच्या उड्डाणमार्गात तारांचे जाळे उभे राहिले आणि ते उभे राहण्यापूर्वी पक्ष्याविषयी प्रश्न विचारण्याची कायदेशीर गरज कोणावरच नव्हती. जिथे तो पक्षी वावरतो त्या गवताळ जमिनी, ओरण म्हणून गावाने देवाच्या नावे राखलेल्या जागा, महसुली दप्तरात अनेकदा ‘पडीक’ म्हणून लागलेल्या. पडीक जमिनीला कोण हरकत घेणार?

माळढोकाची शरीररचनाच अशी की तारा त्याच्या मुळावर येतात. दहा-पंधरा किलोचा हा पक्षी उडताना पटकन वळू शकत नाही आणि डोळे बाजूला असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही. थरच्या वाळवंटात वर्षाला सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि निसर्गात उरलेले पक्षी दीडशेच्याही आत, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की या आकड्याचा अर्थ कळतो. २०१९ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेणारे याचिकाकर्ते होते निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह, १९७२ च्या कायद्याच्या मसुद्याचे एक प्रमुख शिल्पकार. कायदा लिहिणाऱ्यालाच त्यातील फट बुजवण्यासाठी न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. त्याच्या कक्षेत सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आले. उच्चदाब वाहिन्या पुरणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चिक असल्याने, हवामानबदलाविरुद्धच्या लढाईत देशाची सौरऊर्जाच अडेल, अशी केंद्राची तक्रार होती. मार्च २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही त्याच निकालात मान्य झाला. डिसेंबर २०२५ चा निकाल त्या समितीच्या अहवालावर उभा आहे. (तिन्ही टप्प्यांवर पीठात मराठी न्यायमूर्ती होते, हा योगायोग महाराष्ट्राने आपल्या माळरानांची जी कदर केली तिच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे.) यात सहा वर्षे गेली. कुठे वाहिनी चालेल आणि कुठे नाही, हा प्रश्न पहिला खांब रोवण्यापूर्वी कोणी विचारला असता तर उत्तराला सहा वर्षे लागली नसती. शिवाय नकाशावरची रेघ हलवायला पैसे पडत नाहीत. उभा मनोरा पाडून तार पुरायला मात्र ते पडतात, आणि शेवटी वीजग्राहकाच्या बिलातून वसूल होतात.

हद्दीवर सारे काही सोपवण्याचे दुसरे टोक महाराष्ट्राने अनुभवले आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. नान्नजची माळराने त्यात होती तशी गावे, ऊसमळे, विहिरी, बाजारपेठाही होत्या. पक्षी थोड्या गवताळ तुकड्यांत आणि हद्द मात्र तालुकेच्या तालुके गिळणारी. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, पाण्याच्या योजना अशा प्रत्येक कामाला अभयारण्याचा अडसर आला, तेव्हा शेतकऱ्याच्या लेखी माळढोक हा पक्षी न राहता सरकारी कटकट झाला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. या वाटाघाटी चालू असतानाच पक्षी संपत गेला. अलीकडे नान्नजला एखादा माळढोक दिसला तर ती वृत्तपत्रांत बातमी होते. कुठे गवत राखायचे, कोणत्या गावच्या गायरानात चराई कधी थांबवायची, कुठे शेतकऱ्याला मोकळीक द्यायची, हे गावनिहाय ठरवणारे नियोजन पहिल्या दिवसापासून नव्हते. नकाशावर एक मोठे वर्तुळ काढून शासन मोकळे झाले होते.

मग आपल्याकडे हे काम होतच नाही का? होते, पण करणारा माणूस प्रकल्पधारकाचा असतो. मंजुरीसाठी लागणारा अहवाल सल्लागार संस्था तयार करते. तिला नेमतो प्रकल्पधारक आणि तिचे शुल्कही तोच देतो. पहिल्या अनुसूचीतील प्राणी आढळल्यास संवर्धन आराखडा जोडून तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अशा आराखड्यांत पाणवठे, फलक, जनजागृती ही कलमे ठरलेली, आणि प्रकल्प आपल्या जागेवरून तसूभरही हलत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचा मजकूर उतरवलेला आढळला होता, हे प्रकरण जाणकारांच्या स्मरणात असेल. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यायचा असतो. तो वाचायला आणि जागेवर जाऊन तपासायला मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयांत पुरेशी माणसे नाहीत. ‘कॅग’नेही २०१६ च्या अहवालात या देखरेखीवर ताशेरे ओढले होते. या खेळात सल्लागार संस्थेतल्या तरुण जीवशास्त्रज्ञाला दोष देणे सोपे आहे. पण ‘इथे रस्ता नको’ असे लिहिणाऱ्याला पुढचे काम मिळत नाही, ही वस्तुस्थिती कोणी बदलली आहे?

व्यवस्था बसली तर काय होते तेही महाराष्ट्रातच दिसते. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (जुना ७) पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने, वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी वन्यजीव संस्थेने रस्ता उंचावून खालून प्राण्यांना वाट द्यावी असे सुचवले. वाट किती रुंद असावी यावरून महामार्ग प्राधिकरणाशी वर्षानुवर्षे घासाघीस चालली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि अखेर सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात नऊ बांधकामे उभी राहिली. सर्वांत लहान ५० मीटर, सर्वांत मोठे ७५० मीटर. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात त्यांखाली कॅमेरे लावले गेले, तेव्हा १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. त्यात ११ वेगवेगळे वाघ होते. वरून मालमोटारी धावतात आणि खालून वाघीण रस्ता ओलांडते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी न्यायालयाची छडी लागली. पण पेंचला ती छडी मिळाली, कारण तिथे वाघ होता आणि शेजारी व्याघ्र प्रकल्पाची हद्द होती. माळरानाच्या पक्ष्याकडे दोन्ही नाही.

या दृष्टीने विदर्भाकडे पाहावे लागते. अकोला-वाशीम परिसरातील गवताळ पट्ट्यांत आणि लगतच्या सोयाबीनच्या शेतांत पावसाळ्यात तणमोर येतो, अंडी घालतो. माळढोकाचाच हा लहान भाऊबंद. २०२१ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्यालाही माळढोकाप्रमाणेच अतिसंकटग्रस्त ठरवले. त्याची घरटी ओळखणाऱ्या फासेपारध्यांपैकी काही जण आता त्याच्या राखणीत सहभागी आहेत, ही समाधानाची बाब. दुसरीकडे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला आणि त्यासाठी शासकीय जमिनी, गायराने दिली जात आहेत. रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही योजना आवश्यकच आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. जागा निवडताना ती महावितरणच्या उपकेंद्रापासून किती किलोमीटर आहे हे पाहिले जाते. त्याच गायरानात तणमोराचे घरटे आहे का, असल्यास शेजारच्या गटातील जागा चालेल का, हे पाहण्यासाठी पर्यावरणीय मंजुरीची अट नाही.

माळढोकाच्या कृत्रिम प्रजननाचे जैसलमेरजवळील सम आणि रामदेवरा येथील काम यशस्वी होत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले आणि २०२५ पर्यंत तिथल्या पक्ष्यांची संख्या साठाच्या पुढे गेली. शास्त्रज्ञांचे हे यश मोठे आहे. मात्र हे पक्षी कधीतरी सोडावे लागतील आणि सोडल्यावर ते डिसेंबरच्या निकालातली १४,०१३ चौरस किलोमीटरची रेघ पाहून उडणार नाहीत. रेघेबाहेरच्या नव्या वाहिन्यांना पर्यावरणीय मंजुरीची अट आजही नाही, जशी ती २०१९ मध्ये नव्हती. विद्युत प्राधिकरण, राज्यांच्या पारेषण कंपन्या, महामार्ग प्राधिकरण आणि ऊर्जा विभाग यांच्याकडे अभियंते आहेत, भूसंपादन अधिकारी आहेत, विधी सल्लागार आहेत. अभयारण्याच्या हद्दीबाहेरही ‘आराखडा बदला’ असे सांगण्याचा वैधानिक अधिकार असलेला, प्रकल्पधारकाच्या पैशावर न अवलंबणारा नियोजक त्यांच्यापैकी कोणाच्याच आस्थापनेवर कायद्याने बंधनकारक नाही.